वायर किती ओढली?

रोड बाईकचे गिअर सुधारायला येणारा माणूस माझ्याकडे बहुधा अर्धी खरेदी उरकूनच येतो. शिफ्टर परदेशातल्या भावाने पाठवलेले असतात, डिरेलर कुणीतरी नवा सेट बसवताना काढून टाकलेला असतो, कॅसेट ऑनलाइन सेलमध्ये उचललेली असते. सगळं बाकावर मांडून झालं की प्रश्न येतो, "कंपन्या वेगवेगळ्या आहेत, चालेल ना?" कंपनीचं नाव मी नंतर वाचतो. आधी व्हर्निअर काढतो.

ही खोड जुन्या नोकरीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो. पार्ट कुणाकडून आलाय हे विचारायचं नाही. ड्रॉइंगवरचा आकडा आणि मापात आलेला आकडा जुळतात का तेवढं पाहायचं, अशी तिथली शिस्त. पुढे मामांचं सायकलचं दुकान माझ्याकडे आलं. मामांचा सगळा धंदा काळ्या सायकलींचा: पंक्चर, चाकाचा आउट, कोन, छर्रे, मडगार्डची खडखड. गिअरचा संबंधच नव्हता. पुण्यात रोड बाईक वाढल्या, रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर खंबाटकी गाठणारी मंडळी वाढली, आणि दुकानाची एक भिंत हळूहळू त्यांची झाली. मामा अजून येऊन बसतात. कार्बनची फ्रेम बोटाने वाजवून बघतात आणि काही बोलत नाहीत.

गिअर बदलण्यात मुळात तीन आकडे असतात. एका खटक्याला शिफ्टर वायर किती ओढतो, हा पहिला. वायर एक मिलिमीटर ओढली तर चेन हलवणारा डिरेलर आडवा किती सरकतो, हा दुसरा. कॅसेटच्या दोन शेजारच्या चकत्यांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, अंतर किती, हा तिसरा. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याएवढा आला की चेन पुढच्या चकतीखाली नेमकी जाऊन उभी राहते. शिमानो कंपनीच्या आठ स्पीडच्या बहुतेक रोड सेटमध्ये एका खटक्याला वायर २.८ मिलिमीटर ओढली जाते, डिरेलरचं प्रमाण १.७, गुणाकार ४.७६. चकत्यांमधलं अंतर ४.८. नऊ स्पीडला वायर २.५ आणि अंतर ४.३५, दहाला २.३ आणि ३.९५. डिरेलर तिन्हीकडे १.७ चाच. म्हणून आठ, नऊ आणि जुन्या दहा स्पीडचे डिरेलर आपसात बिनदिक्कत बदलता येतात. बदलतो तो शिफ्टरच्या पोटातला खटका.

इथवर ऐकलं की गिऱ्हाईक खूश होतं. "म्हणजे शिमानोला शिमानो चालतंच!" इथेच थांबवावं लागतं. २०१२ साली शिमानोने रोडसाठी अकरा स्पीड आणले तेव्हा हे प्रमाणच बदललं. वायर २.७ मिलिमीटर, डिरेलर १.४. कारण साधं आहे. वायरच्या केसिंगमधली माती, घर्षण, वायरचा ताण यांनी दशांश मिलिमीटरची चूक कुठे ना कुठे होतेच. डिरेलर १.७ चा असेल तर ती चूक १.७ पट होऊन चकतीपाशी पोचते, १.४ चा असेल तर १.४ पट. चकत्या जवळ आल्या, तेव्हा चूक वाढवून चालणार नव्हतं. पुढे २०१५ मध्ये ४७०० मालिकेचा टियाग्रा आला तो दहा स्पीडचाच, पण त्याचं गणित अकराचं. आता ४७०० चा शिफ्टर घ्या आणि त्याच्या आधीच्या टियाग्राचा डिरेलर घ्या. नाव तेच, कंपनी तीच, खोक्यावर दहा लिहिलेलं तेच, आणि गिअर काही केल्या बसणार नाहीत. डोंगरी सायकलींच्या दहा स्पीडला तर शिमानोने आणखी तिसरं प्रमाण ठेवलं: वायर ३.४, डिरेलर १.२. रोडचा दहाचा शिफ्टर त्याला जोडला तर एका खटक्याला डिरेलर पावणेतीन मिलिमीटर सरकतो, जायचं असतं जवळपास चार. तीन खटके मारावेत तेव्हा कुठे दोन चकत्या.

उलट स्रॅम कंपनीने दहा स्पीडला रोड आणि डोंगरी दोन्हीकडे एकच प्रमाण ठेवलं. वायर ३.१, डिरेलर १.३. त्यामुळे त्यांच्या रोड शिफ्टरला त्यांचाच डोंगरी डिरेलर लावून कित्येक जण सामान लादून फिरतात. तैवानच्या मायक्रोशिफ्टने दहा स्पीडचे रोड शिफ्टर शिमानोच्या जुन्या १.७ च्या मापाचे काढले; ते सरळ बसतात, गणित करायचंही काम नाही. घरातल्यांचं जमत नाही आणि परक्यांचं जमतं, असा हा कारभार.

हा सगळा ताप खटक्याच्या गिअरबरोबर आला. त्याआधी फ्रेमच्या उतरत्या नळीवर घर्षणाच्या दांड्या असत. दांडी बोटाने सरकवायची, चेनचा आवाज ऐकायचा, जरा मागेपुढे करून जागा पकडायची. त्यात कंपन्यांचं भांडण नव्हतंच. कमीजास्त हात भरून काढायचा. इटलीतल्या विचेन्झाची कॅम्पान्योलो ही १९३३ पासूनची कंपनी, आणि रेसवाल्यांच्या डोळ्यांत कित्येक वर्षं तीच पहिली. तिरप्या समांतरभुज डिरेलरची युक्ती मात्र जपानच्या सनटूरची, १९६४ ची. त्या रचनेत वरचं चाक चकत्यांच्या उताराला धरून सरकतं, त्यामुळे चेन आणि चकती यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहतं. पेटंटची मुदत १९८४ च्या सुमाराला संपली, आणि त्याच वर्षी साकाई गावच्या शिमानोने ती युक्ती आणि स्वतःचा खटका एकत्र करून ड्युरा-एसचा नवा सेट काढला. तो सेट म्हणूनच विकला: दांडी, वायर, केसिंग, डिरेलर, फ्रीव्हील, सगळं एकमेकांच्या मापाचं. १९९० ला खटका ब्रेकच्या मुठीत गेला, दोनच वर्षांनी कॅम्पान्योलोने स्वतःच्या मुठी काढल्या, १९८७ ला शिकागोत सुरू झालेल्या स्रॅमने २००६ मध्ये एकाच पट्टीने वर-खाली दोन्ही करणारी तिसरी तऱ्हा आणली. प्रत्येकाचा खटका वेगळा, म्हणून प्रत्येकाची वायर वेगळी. यात गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा डाव किती आणि खरी यांत्रिक गरज किती, यावर दुकानात चहाबरोबर तास तास वाद होतात. माझ्या मते दोन्ही आहे, आणि गरजेचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा आहे.

कोथरूडच्या एक मॅडम आहेत, शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या भावाने मिलानहून कॅम्पान्योलोच्या दहा स्पीडच्या वापरलेल्या मुठी पाठवल्या. मॅडमचा पंजा लहान. त्या मुठी त्यांना हातात बसल्या, आणि अंगठ्याने दाबायची कळही आवडली. सायकल मात्र शिमानोच्या आठ स्पीडची. मेहनतीने सगळीकडे चौकशी करून आल्या होत्या आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं, "नाही होणार, पूर्ण सेट बदला." मी मुठी स्टँडवर लावल्या, वायर ओवली, वायरवर बारीक पेनाने खूण केली, पाच खटके मारले आणि खूण किती सरकली ते मोजून पाचाने भागलं. एकच खटका मोजायचा नसतो. माप घेताना होणारी चूक भागाकारात विरते, शिवाय या मुठींचे सगळे खटके तंतोतंत सारखे नसतात. सरासरी आली २.८. मॅडमनी माझ्या आधी गुणाकार केला. "चार पूर्णांक शहात्तर. अहो, मग अडलंय कुठे?"

अडलं नव्हतंच. दहाच्या मुठीला आठची कॅसेट, मधे शिमानोचा डिरेलर, आणि मुठीत दोन खटके शिल्लक. ते उरलेले खटके मोठ्या चकतीच्या बाजूला ठेवायचे आणि डिरेलरच्या मर्यादेच्या स्क्रूने अडवायचे. नाहीतर चेन आऱ्यांत जाऊन पडेल. या मुठींचं मला आणखी एक आवडतं. पोट उघडून आतली झिजलेली स्प्रिंग बदलता येते. बऱ्याच मुठी अशा असतात की बिघडल्या म्हणजे फेकायच्या.

गुणाकार जुळला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ४.७६ आणि ४.८ मध्ये फरक चार शतांश मिलिमीटरचा. आठ चकत्यांत सात खटके, म्हणजे शेवटाला पोचेपर्यंत फरक पाव मिलिमीटरहून थोडा जास्त होतो. नेहमीच्या सवयीने सगळ्यात लहान चकतीपासून गिअर लावत गेलं, तर पहिले गिअर लोण्यासारखे पडतात आणि सगळी चूक मोठ्या चकतीवर जाऊन साठते. नेमकी चढावर, जिथे मोठी चकती लागते तिथे. मिसळलेला सेट लावताना मी मधल्या चकतीपासून सुरुवात करतो. चेन कॅसेटच्या मध्यावर बिनचूक बसवायची आणि चूक दोन्ही टोकांना अर्धी अर्धी वाटून द्यायची. तेवढी चूक पोटात घालायला डिरेलरच्या वरच्या छोट्या चाकाची मदत होते. शिमानोच्या त्या चाकाला आडवी थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ते डुगडुगतं म्हणून लोकांना वाटतं झिजलंय. मग बाजारातून रंगीत, सिरॅमिक बेरिंगचं, अजिबात न हलणारं चाक आणून लावतात आणि विचारतात, कालपर्यंत नीट पडणारे गिअर आज का कुरकुरतात. मिसळलेल्या सायकलीवर असलं दागिन्याचं चाक लावायला मी सरळ नाही म्हणतो.

कॅसेट आणि चेन यांच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. शिमानो आणि स्रॅमच्या आठ ते अकरा स्पीडच्या कॅसेटमधली अंतरं इतकी जवळ आहेत की दोघांत खुशाल बदल करावा. अकरा स्पीडला कॅम्पान्योलोचं अंतरही फार लांब नाही. चेन कुठल्याही चांगल्या कंपनीची चालते. फक्त स्पीडचा आकडा कॅसेटचा बघायचा, मुठीचा नाही. मॅडमच्या सायकलीला दहाच्या मुठी असल्या तरी चेन आठचीच. हबचं मात्र बघावं लागतं. कॅसेट ज्यावर सरकते ते शिमानोचं फ्रीहब अकरा स्पीडसाठी १.८५ मिलिमीटर रुंद केलं गेलं. जुनी कॅसेट नव्या हबवर तेवढ्या जाडीची रिंग टाकून बसते. नवी अकराची जुन्या हबवर बसत नाही. याला एक पळवाट शिमानोनेच ठेवली आहे. ११-३४ ची एचजी८०० ही कॅसेट अकरा स्पीडची असून जुन्या हबवर बसते, कारण तिची मोठी चकती आतल्या बाजूला कललेली आहे. चाकं बदलायला सांगितलेल्या कितीतरी लोकांचे पैसे या एका कॅसेटने वाचवले आहेत.

आता एका ब्रेव्हेवाल्याची गोष्ट. ब्रेव्हेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत, स्पर्धा नसते, पण घड्याळ असतं: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. माणूस पन्नाशीचा, गुडघे बोलायला लागलेले. पुढे ३४ दात, मागे मोठी चकती २८ ची. मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या म्हटलं तरी या गिअरला ताशी नऊ किलोमीटर वेग लागतो, आणि दोनशे किलोमीटर झाल्यावर घाटात तेवढा वेग उरत नाही. मग फेऱ्या पडतात आणि भार गुडघ्यावर येतो. मागे ३४ ची चकती आली तर त्याच फेऱ्यांना साडेसाताचा वेग पुरतो. त्याने डोंगरी दहा स्पीडचा डिरेलर आधीच घेऊन ठेवला होता आणि मुठी होत्या रोडच्या दहाच्या. वर सांगितलेलं तीन खटक्यांत दोन चकत्यांचं प्रकरण. "परदेशात मधे लावायची पुली मिळते, ती बनवून द्या," म्हणाला. मी सांगितलं, बनवता येईल, पण टिकणार नाही. त्याला प्रयोग करायचाच होता.

पुण्यात एक बरं आहे, असल्या कामाला माणूस मिळतो. भोसरीतल्या ओळखीच्या लेथवाल्याने अल्युमिनियमची पुली काढून दिली: एका बाजूला चौदा मिलिमीटर व्यासाची खाच, दुसऱ्या बाजूला वीसची. मुठीकडून आलेली वायर लहान खाचेवर, डिरेलरकडे जाणारी मोठ्या खाचेवर. आत २.३ ओढलं की बाहेर ३.३ च्या आसपास ओढलं जातं. गिअर सुरेख पडले. तो खूश, लेथवाला तर त्याच्याहून खूश. थोड्या आठवड्यांनी वायरचे तार सुटायला लागले, लहान खाचेच्या वळणावर. चौदा मिलिमीटरच्या वळणावर गिअरची वायर रोज वाकत राहिली की ती थकणारच. दुसऱ्यांदा वायर बदलली तेव्हा मी त्याच्यासमोर जुना नऊ स्पीडचा डोंगरी डिरेलर ठेवला. त्याचं प्रमाण १.७, रोडच्या दहाच्या मुठीला चालणारं. लांब पिंजरा, ३४ दातांची चकती झेलणारा. ना पुली, ना गणित. दहा स्पीडची ११-३४ ची कॅसेट टाकली आणि विषय संपला. पुली अजून दुकानात आहे. लेथवाला आला की तो ती हातात घेऊन बघतो.

पुढच्या डिरेलरबद्दल फार लिहीत नाही. तिथे दोनच चकत्या, तरी त्रास मागच्यापेक्षा जास्त, कारण वायर कुठल्या कोनातून येते आणि किती लांब दांडा ओढते यावर सगळं बदलतं. शक्य असेल तिथे मी पुढचा डिरेलर मुठीच्याच घराण्यातला ठेवतो.

आणि ब्रेक. डिस्कच्या तेलाच्या ब्रेकमध्ये मी मिसळामिसळ करतच नाही. शिमानोला खनिज तेल लागतं, स्रॅमच्या रोड ब्रेकला डॉट द्रव. एकाचं दुसऱ्यात गेलं की आतले रबर फुगतात, आणि ते कळतं पसरणीच्या उतारावर. गिअर चुकला तर माणूस चिडतो, एवढंच. एकाने "थोडंच घाला, ब्रँडचं काय एवढं" म्हटलं होतं. मी सायकल तशीच परत दिली.

खरं सांगायचं तर "मिक्स केलं म्हणून गिअर पडत नाहीत" या तक्रारीत मिसळण्याचा दोष क्वचित निघतो. निम्म्या वेळा हँगर वाकलेला असतो. डिरेलर ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो मुद्दाम मऊ अल्युमिनियमचा करतात, म्हणजे पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा. गाडीच्या डिकीत सायकल उजव्या कुशीवर झोपवली, वर पोराची बॅग ठेवली, झालं. गेज लावून सरळ केला की पूर्ण सेट बदलायला निघालेला माणूस दोन-तीनशे रुपयांत घरी जातो. उरलेल्यांत बहुतेकांची वायर दोषी. ताम्हिणीत पावसाळा काढलेल्या सायकलीचं केसिंग कापून पाहा, आत लाल चिखलाची पेस्ट असते. मिसळलेल्या सायकलीला हे लवकर जाणवतं, हे मात्र खरं. मूळ सेटला जी सूट मिळते त्यातली अर्धी मिसळताना आधीच खर्च झालेली असते. म्हणून अशा सायकलवाल्यांना मी बजावून सांगतो: वायर आणि केसिंग दर पावसाळ्यानंतर नवं, आणि केसिंग गिअरचंच, आत सरळ तारा असलेलं. ब्रेकचं गुंडाळलेल्या तारेचं केसिंग दाबलं की आखडतं आणि खटका खाऊन टाकतं.

वर्षभराने मॅडमना नऊ स्पीड हवे झाले. आठच्या कॅसेटमध्ये चकत्यांच्या दातांत मोठी उडी पडते, सपाटीवर मनासारखी लय सापडत नाही, अशी तक्रार. रास्त होती. मुठी त्याच ठेवायच्या होत्या. नऊला हवं ४.३५ आणि मुठी देणार ४.७६. यावर तोडगा जुना आहे. डिरेलरवर वायर ज्या बोल्टखाली दाबतात तिथे तिच्यासाठी एक खाच असते. वायर त्या खाचेत न घालता बोल्टच्या दुसऱ्या बाजूने घेतली तर ती सांध्यापासून जरा लांब पकडली जाते, दांडा लांब होतो आणि डिरेलर प्रत्येक मिलिमीटरला थोडा कमी सरकतो. १.७ चं होतं साधारण १.५५. गुणाकार करून पाहा. वर एक पैसा खर्च नाही, फक्त वायर चुकीच्या दिसणाऱ्या जागी.

हे 'चुकीचं दिसणारं' मला बोचत होतं. मिसळलेली सायकल माझ्या दुकानात उत्तम चालते, कारण तिच्यात काय केलंय ते मला ठाऊक असतं. पण सायकल माझ्या दुकानात थोडीच चालवायची असते? कुठल्याही चांगल्या मेकॅनिकने ती वायर पाहिली असती तर त्याने प्रामाणिकपणे, एक शब्द न बोलता, ती खाचेत बसवून दिली असती, आणि गिअर बिघडले असते. पूर्ण सेटचा हाच मोठा फायदा. त्यावरचं नाव वाचलं की पुढच्या मेकॅनिकला सगळं कळतं. मिसळलेल्या सायकलीचं नाव कुठे वाचणार? तेव्हापासून मी कार्ड करायला लागलो. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत: मूठ कुठली, डिरेलर कुठला, कॅसेट आणि चेन किती स्पीडची, गिअर कुठल्या चकतीपासून लावलेत, आणि खाली 'हे बदलू नये' असं काही असेल तर ते. लॅमिनेट करून सीटखालच्या पिशवीत.

त्याचा उपयोग निपाणीला झाला. मॅडम सहाशेच्या ब्रेव्हेला निघालेल्या. संध्याकाळी मुठीच्या तोंडाशी वायर तुटली. वळण तिथेच सगळ्यात घट्ट असतं, त्यामुळे तिथेच तुटते. सुटी वायर त्यांच्याजवळ होती. गावातल्या एका दुकानात गेल्या. दुकानदार जुने, काळ्या सायकलींचे. पण हात सफाईचा, मुठीतून तुटलेला गोळा त्यांनी काढलासुद्धा. डिरेलरपाशी आले आणि वायर खाचेत घालायला लागले. मॅडम सांगताहेत, "काका, तिथे नाही, बोल्टच्या या बाजूने." काका म्हणताहेत, "ताई, खाच कशाला दिलीय मग?" बाईमाणसाने पाना धरणाऱ्याला शिकवायचं, हेही त्यात थोडं असावं. मॅडमनी वाद न घालता कार्ड पुढे केलं. काकांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि मला फोन लावला, नंबर कार्डावर होताच. "ही वायर खाचेबाहेर, हे तुम्ही लिहिलंय?" मी हो म्हटलं. "का?" मी दांड्याची लांबी सांगितली. पलीकडे जरा वेळ डिरेलर वर-खाली केल्याची खडखड ऐकू आली. मग म्हणाले, "हां. कमी फिरवायचंय म्हणा की." वायर कार्डात होती तशी बसली. पैसे घेतले वीस रुपये, आणि मॅडमना चहा पाजून वर विचारलं, की एवढ्या रात्री एकट्या निघालात होय.

अलीकडे बाकावर येणारा माल बदलतो आहे. शिमानोचे विजेवर चालणारे रोड गिअर २००९ चे, स्रॅमचे बिनतारी २०१५ चे. ओढायची वायरच नाही तर ती किती ओढली हा प्रश्नच नाही. तिथे एका कंपनीची मूठ दुसरीच्या डिरेलरशी बोलतच नाही, आणि माझा व्हर्निअर निरुपयोगी. अशा सायकली मी लावतो, चार्ज करतो, ॲप सांगेल तसं करतो. मजुरी बरी मिळते. दुसऱ्या टोकाला शिमानोनेच क्यूज नावाखाली नऊ, दहा आणि अकरा स्पीडसाठी चकत्यांचं अंतर एकच ठेवलं आहे, म्हणजे त्या घराण्यात तरी पुढची काही वर्षं अदलाबदल सोपी जाईल. जुन्या १.७ शी त्याचा मेळ नाही.

पण रस्त्यावर आज ज्या सायकली आहेत त्यांतल्या ढिगाने सायकली त्या १.७ च्याच आहेत, आणि त्यांच्या मालकांना चढाला हलका गिअर हवाय. म्हणून नऊ स्पीडचे जुने डोंगरी डिरेलर मी दिसेल तिथे विकत घेतो. लांब पिंजऱ्याचे हवेत. छोटी चाकं झिजलेली असली, पिंजरा थोडा वाकलेला असला तरी चालेल, तो सरळ करता येतो. स्प्रिंग शाबूत हवी आणि मधल्या सांध्यांत डुगडुग नको. कुणाच्या माळ्यावर एखादी बंद पडलेली डोंगरी सायकल असेल, तर भंगारात घालण्याआधी मागचं चाक फिरवून कॅसेटच्या चकत्या मोजा. नऊ भरल्या तर दुकान सोमवार सोडून रोज उघडं असतं.